सायप्रसमधील १९६० ची सत्तावाटणी: दोष घटनेचा की ती चालवणाऱ्यांचा?

प्रश्न: पूर्वरंग

सायप्रसच्या १९६० च्या राज्यघटनेविषयी सध्या वाचन चालू आहे आणि एका ठिकाणी माझे घोडे अडले आहे. ब्रिटिशांकडून १६ ऑगस्ट १९६० रोजी स्वतंत्र झालेल्या या बेटावर सुमारे ७७ टक्के ग्रीक सायप्रसी आणि १८ टक्के तुर्की सायप्रसी राहत होते. राष्ट्राध्यक्ष ग्रीक, उपराष्ट्राध्यक्ष तुर्की. १० मंत्र्यांपैकी ७ ग्रीक आणि ३ तुर्की. संसदेच्या ५० जागा ३५ आणि १५ अशा. सरकारी नोकऱ्या आणि पोलीस ७०-३०, तर २००० जणांचे सैन्य ६०-४० या प्रमाणात, असे सारे काही घटनेतच लिहिलेले होते. परराष्ट्र, संरक्षण आणि अर्थ या तीन खात्यांपैकी एक तुर्की मंत्र्याकडेच गेले पाहिजे, इथपर्यंत तपशील होता. इतके काटेकोर वाटप झाल्यावर भांडायला फारसे काही उरू नये. प्रत्यक्षात डिसेंबर १९६३ मध्ये राजधानी निकोसियात गोळीबार सुरू झाला, राष्ट्राध्यक्ष आर्चबिशप मकारिओस आणि उपराष्ट्राध्यक्ष फाझिल कुचुक यांचे संयुक्त सरकार मोडले, आणि दोन्ही समुदायांचे मिळून एक मंत्रिमंडळ त्यानंतर आजतागायत बसलेले नाही.

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. ही घटना मुळातच चालण्याजोगी नव्हती, की ती चालवण्याची कोणाची इच्छाच नव्हती? आणि आजच्या वाटाघाटींत तुर्की सायप्रसी बाजू 'राजकीय समानता' म्हणून जे मागते, तो त्या जुन्या नकाराधिकाराचाच नवा अवतार आहे का?

उत्तर १: कलमबहाद्दर

वाटपाच्या आकड्यांवर थांबले तर ही घटना उदार वाटते. तिच्या खऱ्या अडचणी कामकाजाच्या कलमांत आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि सुरक्षा या विषयांवरील निर्णय राष्ट्राध्यक्ष किंवा उपराष्ट्राध्यक्ष यांपैकी कोणीही एकट्याने कायमचा रोखू शकत असे. संसदेत निवडणूक कायदा, नगरपालिका आणि कर यांसंबंधीच्या विधेयकांना एकूण बहुमत पुरत नसे. ग्रीक सदस्यांचे वेगळे आणि तुर्की सदस्यांचे वेगळे बहुमत लागे. सगळे ५० सदस्य हजर आहेत असे धरा. ३५ ग्रीक आणि ७ तुर्की सदस्यांनी पाठिंबा दिला, तरी उरलेले ८ तुर्की सदस्य ४२ मतांचे विधेयक पाडू शकत होते. १९६१ मध्ये हे अस्त्र बाहेर निघाले. ७०-३० ची नोकरभरती सरकार मुद्दाम रेंगाळत ठेवत आहे अशी तुर्की सदस्यांची तक्रार होती, आणि त्यासाठी त्यांनी कर-कायद्यांना मुदतवाढ देण्यास नकार दिला. भरतीच्या भांडणात करवसुली वेठीला धरली गेली. ग्रीक बाजूने याला आडमुठेपणा म्हटले. तुर्की बाजूच्या मते तेवढे एकच साधन त्यांच्या हाती होते. माझ्या मते दोन्ही वर्णने एकाच वेळी खरी आहेत, कारण घटनेने तक्रारीला एका खात्यात जागा दिली होती आणि दबावाला भलत्याच खात्यात.

सैन्याची गोष्ट थोडक्यात संपते. तुकड्या सरमिसळ असाव्यात की समुदायवार वेगळ्या, यावर एकमत झाले नाही. ऑक्टोबर १९६१ मध्ये कुचुक यांनी नकाराधिकार वापरला आणि मग मकारिओसांनी सैन्यच नको अशी भूमिका घेतली. २००० जणांचे ते सैन्य कागदावरच राहिले. दोन्हीकडचे खासगी सशस्त्र गट मात्र वाढत गेले.

नगरपालिकांचे प्रकरण या सर्वांत बोलके आहे. निकोसिया, लिमासोल, फामागुस्ता, लार्नाका आणि पाफोस या पाच शहरांत ग्रीक आणि तुर्की अशा वेगळ्या नगरपालिका असाव्यात, असे कलम १७३ सांगत होते. पुष्कळ ठिकाणी वस्ती मिसळलेली असल्यामुळे रस्त्याच्या अलीकडची दिवाबत्ती एका नगरपालिकेने आणि पलीकडचे गटार दुसरीने सांभाळायचे, अशी हद्द आखणे म्हणजे शहराची फाळणीच होय, असे ग्रीक बाजू म्हणत असे. १९५८ चा हिंसाचार पाहिलेल्या तुर्की बाजूला स्वतःची नगरपालिका हीच सुरक्षिततेची हमी वाटे. हे घोंगडे डिसेंबर १९६२ पर्यंत भिजत पडले आणि मग तात्पुरत्या कायद्याची मुदत संपली. मंत्रिमंडळाने आदेश काढून नगरपालिकांच्या जागी सुधार मंडळे नेमली, तर तुर्की समुदाय सभेने (शिक्षण, धर्म असे समुदायाचे आपले विषय पाहणाऱ्या निवडून आलेल्या सभेने) आपल्या नगरपालिकांसाठी स्वतःचाच कायदा केला. दोन्ही प्रकरणे सर्वोच्च घटना न्यायालयात गेली. त्या न्यायालयात एक ग्रीक न्यायाधीश, एक तुर्की न्यायाधीश आणि अध्यक्षस्थानी अर्न्स्ट फोर्स्टहोफ हे जर्मन कायदेपंडित, असे तिघे होते. एप्रिल १९६३ मध्ये न्यायालयाने मंत्रिमंडळाचा आदेश घटनाबाह्य ठरवला, तेव्हा ग्रीक न्यायाधीशांचे मत विरोधात होते. समुदाय सभेचा कायदा घटनाबाह्य ठरवला, तेव्हा तुर्की न्यायाधीशांचे. दोन्ही निकाल दोन विरुद्ध एक असे लागले आणि दोन्ही वेळा पारडे फिरले ते परदेशी न्यायाधीशाच्या मताने. पुढच्याच महिन्यात फोर्स्टहोफ यांनी राजीनामा दिला आणि वाद सोडवणारी जागाच रिकामी झाली.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की, घटनेचा मूळ दोष नकाराधिकारात नसून विभक्त मतदारसंघांत होता. मकारिओसांना निवडून येण्यासाठी एकाही तुर्की मताची गरज नव्हती आणि कुचुक यांना एकाही ग्रीक मताची नव्हती. तडजोड करणाऱ्याला आपल्या समुदायात शिव्या खाव्या लागत आणि पलीकडच्या समुदायाकडून त्या बदल्यात एक मतही मिळत नसे. ज्याला दोन्हीकडे उत्तर द्यावे लागेल असा एकही निवडून आलेला माणूस त्या रचनेत नव्हता, आणि अशा रचनेत नकाराधिकार हे शेवटचे साधन न राहता रोजचे साधन होते.

उत्तर २: उत्तरायण

कलमबहाद्दर यांनी कलमांचे विवेचन नेमके केले आहे. परंतु सगळा दोष मतदारसंघांवर टाकणे म्हणजे साप म्हणून भुई धोपटणे आहे, असे मला वाटते.

ही घटना सायप्रसच्या लोकांनी लिहिली नाही. तिचा पाया फेब्रुवारी १९५९ मध्ये झुरिक येथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात ठरला, लंडनला ब्रिटनसह त्यावर शिक्कामोर्तब झाले, आणि बेटावर सार्वमत घेतले गेले नाही. मकारिओसांनी लंडनमध्ये बरेच आढेवेढे घेऊन सही केली. १९५५ पासून एओका संघटनेने जो सशस्त्र लढा दिला, तो स्वातंत्र्यासाठी नसून एनोसिससाठी, म्हणजे ग्रीसमध्ये विलीन होण्यासाठी होता. तुर्की बाजूची मागणी तक्सीमची, म्हणजे फाळणीची होती. घटनेने कलम १८५ मध्ये दोन्ही गोष्टींना बंदी घातली. ज्या दोन समुदायांना दोन वेगळ्या गोष्टी हव्या होत्या, त्यांना तिसरीच गोष्ट देऊन ती सांभाळा असे सांगण्यात आले. दोन्हीकडचे नेते या प्रजासत्ताकाला मुक्कामाचे ठिकाण मानत नव्हते.

मकारिओसांनी ३० नोव्हेंबर १९६३ रोजी मांडलेले १३ मुद्दे या दृष्टीने वाचावेत. न्यायालये समुदायवार वेगळी नसावीत, नगरपालिका एक असाव्यात, या सूचना एरवी कोणालाही शहाणपणाच्या वाटतील. परंतु त्याच यादीत दोन्ही प्रमुखांचा नकाराधिकार रद्द करणे, संसदेतील वेगळे बहुमत काढून टाकणे आणि नोकऱ्यांचे प्रमाण लोकसंख्येइतके खाली आणणे, हेही होते. तुर्की सायप्रसींच्या हाती जे जे संरक्षण होते, ते एका झटक्यात मागितले गेले, आणि तेही अशा नेत्याकडून ज्याने एनोसिसचा जाहीर त्याग केलेला नव्हता. तुर्कस्तानने डिसेंबरच्या मध्यास ते मुद्दे फेटाळले आणि २१ डिसेंबरला निकोसियात रक्त सांडले. त्या महिन्याच्या अखेरीस ब्रिटिश सेनाधिकारी पीटर यंग यांनी निकोसियाच्या नकाशावर दोन्ही समुदायांच्या वस्त्यांमध्ये हिरव्या पेन्सिलीने रेषा ओढली. ती ग्रीन लाइन अजून तिथेच आहे.

नुसती रचना बदलून भागले असते, तर १९६८ नंतर भागायला हवे होते. त्या वर्षी ग्रीक सायप्रसी बाजूचे ग्लाफ्कोस क्लेरिदिस आणि तुर्की सायप्रसी बाजूचे रौफ देंक्ताश यांची बोलणी सुरू झाली. स्थानिक पातळीवर स्वायत्तता मिळत असेल, तर केंद्रातील अनेक सवलती सोडण्याची तयारी तुर्की बाजूने त्या बोलण्यांत दाखवली होती. म्हणजे ज्या तरतुदींमुळे कारभार ठप्प झाला म्हणतात, त्यांतील बऱ्याच वाटाघाटीच्या टेबलावर परत येत होत्या. माशी शिंकली ती स्वायत्ततेवर. मकारिओसांना ती फाळणीची पहिली पायरी वाटली. मग जुलै १९७४ मध्ये अथेन्सच्या लष्करी राजवटीने मकारिओसांविरुद्ध उठाव घडवला, पाच दिवसांत तुर्कस्तानचे सैन्य उतरले, आणि ऑगस्टपर्यंत बेटाचा उत्तरेकडचा ३६-३७ टक्के भाग त्याच्या ताब्यात गेला. यात मतदारसंघांचा संबंध कुठे येतो?

उत्तर ३: भूमध्य

वरच्या दोन्ही उत्तरांत बेटावर दोनच समुदाय दिसतात, आणि घटनेलाही दोनच दिसत होते. मॅरोनाइट, आर्मेनियन आणि लॅटिन या लहान ख्रिस्ती गटांना १९६० मध्ये ग्रीक किंवा तुर्की यांपैकी एका समुदायात नाव नोंदवणे भाग पडले. तिन्ही गटांनी ग्रीक समुदाय निवडला. संसदेत त्यांचा एकेक प्रतिनिधी बसतो, पण त्याला मताचा अधिकार नाही. कोणत्याच समुदायाचा नसलेला, नुसता सायप्रसचा नागरिक, अशी जागा त्या घटनेत कोणालाही नव्हती. कलमबहाद्दर यांच्या मुद्द्याला हे पूरक आहे असे मला वाटते.

अवांतर: संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना मार्च १९६४ च्या ठराव १८६ नुसार तिथे गेली. तिचे पहिले सेनापती प्रेमसिंग ग्यानी भारतीय होते. त्यांच्यानंतर आलेले जनरल थिमय्या डिसेंबर १९६५ मध्ये सायप्रसमध्येच निवर्तले. आणि १९७४ च्या धामधुमीत त्या सेनेची सूत्रे दिवाण प्रेमचंद यांच्याकडे होती.

उत्तर ४: कलमबहाद्दर

उत्तरायण, मतदारसंघांचा संबंध असा येतो. इच्छा ही वाऱ्यावर वाढत नाही. तिला मते मिळतात म्हणून ती टिकते. स्वातंत्र्यानंतरही एनोसिसची भाषा सोडणे कोणाही ग्रीक नेत्याला परवडत नव्हते, कारण ती भाषा ऐकून घाबरणारे मतदार त्याच्या यादीतच नव्हते. तक्सीमच्या बाबतीत देंक्ताश यांचेही तेच.

यादी कुठवर जाते याचे एक उदाहरण देतो. १९६४ मध्ये सायप्रसच्या सर्वोच्च न्यायालयाने 'अपरिहार्यतेचा सिद्धान्त' मान्य केला: १९६३ च्या हिंसाचारानंतर तुर्की सदस्य हजर नाहीत म्हणून राज्य थांबू शकत नाही, सबब त्यांच्याविना केलेले कायदे वैध. पुढच्याच वर्षी तुर्की सदस्यांनी संसदेत परतण्याची तयारी दाखवली, तेव्हा वेगळे बहुमत सोडण्यासारख्या अटी त्यांच्यापुढे ठेवण्यात आल्या आणि परतणे झाले नाही. राज्य पुढे चालत राहिले, पण मतदार याद्या १९६० च्याच राहिल्या. परिणामी प्रजासत्ताकाच्या ताब्यातील भागात राहणाऱ्या तुर्की सायप्रसी नागरिकाला मतदानच करता येईना, कारण ग्रीक यादीत तो बसत नव्हता आणि तुर्की यादी अस्तित्वात नव्हती. असा एक नागरिक युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेला आणि २००४ मध्ये जिंकला. त्यानंतर २००६ मध्ये कायदा बदलला. संसदेच्या जागा १९८५ मध्ये ८० करण्यात आल्या, त्यांतील तुर्की सायप्रसींच्या २४ जागा तेव्हापासून रिकाम्या आहेत. राज्य मोडल्यावरही विभक्त मतदारसंघ शिल्लक राहतो, तो असा.

उत्तर ५: समांतर

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग मागे पडला आहे, म्हणून त्याकडे वळतो. 'राजकीय समानता' आणि जुना नकाराधिकार यांत फरक आहे, आणि तो बारीक असला तरी महत्त्वाचा आहे.

१९६० मध्ये एक माणूस, म्हणजे उपराष्ट्राध्यक्ष, निर्णय पाडू शकत होता. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी मांडलेल्या, दोन घटक राज्यांचे संघराज्य सुचवणाऱ्या २००४ च्या अन्नान योजनेत एकट्या व्यक्तीचा नकाराधिकार नव्हता. मतदानाचा हक्क असलेल्या ६ सदस्यांची अध्यक्षीय परिषद असायची. निर्णय साध्या बहुमताने व्हायचा, पण त्या बहुमतात दोन्ही घटक राज्यांतील किमान एकेक सदस्य असला पाहिजे, अशी अट होती. तुर्की सायप्रसी सदस्य दोन असतील, तर दोघांनी मिळून विरोध केल्याशिवाय निर्णय अडत नाही. वाटाघाटींत यालाच 'एक सकारात्मक मत' म्हणतात. ग्रीक सायप्रसी टीकाकारांना हाही नकाराधिकारच वाटतो, आणि दोघे सदस्य एकाच पक्षाचे असतील तर त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. कोंडी फोडण्यासाठी योजनेत जे न्यायालय होते, त्यात ३ ग्रीक सायप्रसी, ३ तुर्की सायप्रसी आणि ३ परदेशी न्यायाधीश होते. फोर्स्टहोफ यांची आठवण असलेल्या ग्रीक सायप्रसींना ती तरतूद रुचली नाही यात नवल नाही. २४ एप्रिल २००४ च्या सार्वमतात तुर्की सायप्रसींपैकी सुमारे ६५ टक्क्यांनी होकार दिला आणि ग्रीक सायप्रसींपैकी सुमारे ७६ टक्क्यांनी नकार. अर्थात त्या नकारामागे बेटावरील तुर्की सैन्य, हमीचा करार (ग्रीस, तुर्कस्तान आणि ब्रिटन यांना हस्तक्षेपाचा अधिकार देणारा १९६० चा करार) आणि मालमत्ता हे प्रश्न अधिक मोठे होते. आठवड्याभरात सायप्रस युरोपीय संघात दाखल झाला, त्यामुळे नकाराची किंमतही फारशी पडणार नव्हती.

एक गोष्ट मला नेहमी खटकते. १९६० मध्ये देंक्ताश तुर्की समुदाय सभेचे अध्यक्ष, क्लेरिदिस संसदेचे अध्यक्ष आणि तासोस पापाडोपोलोस मंत्री होते. अन्नान योजनेच्या काळातही मुख्य खुर्च्यांवर हीच तीन माणसे होती. घटना बदलण्याच्या चर्चा ४० वर्षे चालल्या; त्या करणाऱ्यांची पिढी मात्र बदलली नाही.

कलमबहाद्दर यांच्या निदानावरचा उपाय २००८ नंतर ग्रीक सायप्रसी नेते दिमित्रिस ख्रिस्तोफियास आणि तुर्की सायप्रसी नेते मेहमेत अली तलत यांनी प्रत्यक्ष चर्चेत आणला होता. अध्यक्षपद दोन्ही समुदायांत फिरते ठेवायचे आणि निवडणुकीत दुसऱ्या समुदायाच्या मतांनाही ठरावीक वजन द्यायचे, म्हणजे ग्रीक उमेदवाराला तुर्की गावांत आणि तुर्की उमेदवाराला ग्रीक गावांत प्रचाराला जावेच लागेल. हे स्वप्नरंजन नव्हे, याचा छोटासा पुरावा २०१९ मध्ये मिळाला: अकेल या डाव्या पक्षाच्या यादीतून नियाझी किझिल्युरेक हे तुर्की सायप्रसी प्राध्यापक युरोपीय संसदेवर निवडून आले. पुढच्या, २०२४ च्या निवडणुकीत ते पडले, हेही सांगायला हवे.

पूर्वरंग

सर्वांचे आभार. 'एक सकारात्मक मत' आणि जुना नकाराधिकार यांतला फरक आता स्पष्ट झाला. एक उपप्रश्न उरतो. बेटाच्या एकीकरणासाठी स्वित्झर्लंडमध्ये क्रांस-मोंताना येथे भरलेली २०१७ ची परिषद सत्तावाटणीवर मोडली की हमीच्या करारावर? आणि इतकी वर्षे दक्षिणेतील ग्रीक सायप्रसी आणि उत्तरेतील तुर्की सायप्रसी अशी दोन प्रशासने एकमेकांना मान्यताच देत नसतील, तर रोजचे व्यवहार कसे चालतात?

उत्तर ६: नगरवासी

क्रांस-मोंतानाविषयी दोन्ही बाजू वेगवेगळे सांगतात. ग्रीस, तुर्कस्तान आणि ब्रिटन यांना १९६० च्या करारामुळे मिळालेला हस्तक्षेपाचा अधिकार आणि बेटावरील तुर्की सैन्य, हे तिथले सर्वांत अवघड विषय होते हे निर्विवाद आहे. परंतु तेव्हाचे सायप्रसचे राष्ट्राध्यक्ष निकोस अनास्तासियादिस यांनी त्यानंतर सकारात्मक मताच्या व्याप्तीवर जे आक्षेप घेतले, त्यावरून सत्तावाटणीही पूर्ण मिटलेली नव्हती असे दिसते. प्रत्येक निर्णयाला ते मत लागावे, की केवळ तुर्की सायप्रसींच्या हिताशी निगडित निर्णयांना, आणि कोणता विषय हिताशी निगडित आहे हे ठरवणार कोण, हा वाद तिथून पुढे वाढला. नंतर २०२० मध्ये तुर्की सायप्रसींचे नेते म्हणून निवडून आलेल्या एर्सिन तातार यांनी संघराज्याचा विषयच बाजूला ठेवून दोन सार्वभौम राज्यांची मागणी केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचा पराभव करणारे तुफान एर्हुर्मान संघराज्याच्या बाजूचे आहेत, पण राजकीय समानता आधी मान्य करा, असे तेही म्हणतात.

रोजच्या व्यवहाराबद्दल निकोसियाच्या सांडपाण्याचे उदाहरण घ्यावे. १९७४ मध्ये शहर दुभंगले तेव्हा मलनिःसारण योजना अर्धवट होती. दक्षिणेकडचे सांडपाणी उताराने उत्तरेकडे जाणार आणि शुद्धीकरण केंद्राची जागाही उत्तरेत, मिया मिलिया येथे, ज्याला तुर्की सायप्रसी हास्पोलात म्हणतात. दक्षिणेचे महापौर लेलोस दिमित्रिआदिस आणि उत्तरेच्या नगरपालिकेचे प्रमुख मुस्तफा अकिंजी यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस बोलणी करून ते काम पुरे केले. एकाला दुसऱ्याची नगरपालिका कायदेशीर मानता येत नव्हती, म्हणून दोघांनीही आपापल्या समुदायाचे प्रतिनिधी या नात्याने, संयुक्त राष्ट्रांना मध्ये घेऊन व्यवहार केला. त्याच ओळखीतून संपूर्ण शहराचा एकत्रित विकास आराखडा निघाला. क्रांस-मोंतानाला तुर्की सायप्रसी शिष्टमंडळाचे नेतृत्व याच अकिंजी यांनी केले.

कलम १७३ वरून ज्या शहरात रणे माजली, तिथेच हे घडले, याचे कारण मला साधे वाटते. सांडपाणी अडले तर दोन्हीकडे तुंबते, आणि या कामात कोणालाही पलीकडच्याचा होकार विकत घ्यावा लागत नव्हता. पोलीस, कर किंवा सैन्य यांच्याबाबत तसे नसते, म्हणून मिया मिलियाच्या उदाहरणावरून संघराज्य सहज चालेल असा निष्कर्ष मी काढणार नाही. २००८ पासून दोन्ही समुदायांच्या संयुक्त तांत्रिक समित्या आरोग्य, गुन्हे आणि वारसावास्तू या विषयांवर काम करतात. फामागुस्ताचा ऑथेल्लो बुरूज वारसा समितीच्या पुढाकाराने दुरुस्त झाला. त्या समित्यांकडे स्वतःचे कायदे करण्याचा किंवा कर लावण्याचा अधिकार मात्र नाही, आणि तो देण्याचा विषय निघाला की बोलणी पुन्हा सकारात्मक मताशी येऊन थांबतात.